न टाकलेलं

दार उघडलं तेव्हा ओवीला आधी पाळणा दिसला. मग दुसरा पाळणा. त्यामागे उभ्या केलेल्या गाद्या, शिलाई मशीन, प्रेशर कुकर, दारं किलकिली ठेवलेले फ्रिज. खिडकीच्या काचेवर वाळूची साय धरली होती, त्यामुळे शारजाची दुपार आत येताना ताकासारखी पांढुरकी होत होती. त्या उजेडात सगळं सामान जमिनीपासून थोडं वर उचलल्यासारखं वाटत होतं.

हेच ती महिनाभर शोधत होती. मंदी आल्यापासून लोक नोकऱ्या गमावून मायदेशी चालले होते आणि जाताना घरंच्या घरं उकिरड्यावर रिकामी करत होते. सगळीकडे कचरा वाढला होता. या गल्लीत मात्र तो घटला होता.

पर्यावरणशास्त्र शिकून पुण्याहून आलेल्या ओवीचं ऑफिस इथे एक प्रयोग चालवत होतं. प्रत्येक विभागाला ठरावीक वजनाचा कचरा डेपोत टाकायचा हक्क मिळे. कमी टाकणाऱ्याने उरलेला हक्क जास्त टाकणाऱ्याला विकायचा. अट एकच होती: न टाकलेला कचरा गेला कुठे, ते दाखवायचं. ते जमलं नाही तर प्रयोग बंद, ऑफिस बंद आणि ओवीचा व्हिसाही.

तिने तिथूनच ऑफिसप्रमुख प्रकाशसरांना फोन लावला.

"यल्ला, चल, ट्रक बोलाव," सर म्हणाले. "सगळं रास अल खोरला भंगारात दे. रिसायकल झालं की हक्क आपला. तू ऑफिस वाचवलंस, ओवी."

मैमुनाबी दारात उभ्या होत्या. त्या इथल्या वॉचमनच्या, नूरुद्दीनच्या पत्नी, रत्नागिरीकडच्या. भाडेकरू मिळेना म्हणून मालकाने हा फ्लॅट त्यांना वापरायला दिला होता. सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांचं सामान त्यांनी इथे ठेवून घेतलं होतं. ओवीने त्यांना हक्काची गोष्ट समजावली, ट्रकची सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण यात कचरा कुठला गो?"

"मावशी, मालक टाकून गेलेत ना हे?"

शुक्रवार होता. मैमुनाबींनी फोनचं कार्ड खरवडलं, चिपळूणचा नंबर फिरवला आणि कोपऱ्यातल्या लहान लाल सायकलपाशी जाऊन बसल्या. फोन हँडलला टेकवून त्यांनी घंटी वाजवली.

पलीकडून मुलाचा आवाज आला. "वन्स मोर, खाला."

त्यांनी पुन्हा वाजवली. तो झैद, आधी वरच्या मजल्यावर राहायचा, त्या म्हणाल्या. आता त्याचे गुडघे हँडलला लागतील. तरी दर शुक्रवारी ऐकतो. डोंबिवलीच्या विभावरीताईंना कुकरची शिट्टी लागते, म्हणून शुक्रवारची डाळ त्यांच्याच कुकरमध्ये. शिट्टी पहिल्यासारखी नाही म्हणून त्या फोनवर कुरकुरतात, तेही ऐकून घ्यावं लागतं.

कचरा म्हणजे मालकाने सोडून दिलेली वस्तू. ही व्याख्या ओवीने पहिल्याच सेमिस्टरला पाठ केली होती. वस्तूचं वजन करता येत होतं. ती सोडून दिली आहे की नाही, हे कुठल्या काट्यावर दिसणार होतं?

तिने पुन्हा फोन लावला. "सर, इथे कचरा नाहीये."

ती काय बोलतेय ते तिला कळतंय ना, एवढंच सरांनी विचारलं. कळतंय, ती म्हणाली.

उन्हाळा संपायच्या आत प्रयोग बंद झाला. निघायच्या दिवशी ओवीची टॅक्सी दुबईतल्या देऱ्याहून आधी शारजाला गेली. तिच्या मांडीवर टेबल फॅन होता. देऱ्यातल्या शेअरिंगच्या खोलीसाठी तिने तो जुन्या बाजारातून घेतला होता. डावीकडे वळताना तो कटकट करायचा. रूममेट्सनी त्यावरून तिला भरपूर चिडवलं होतं. एक पाळणा सरकवून मैमुनाबींनी त्याला जागा केली.

पुण्यात पहिल्या शुक्रवारी फोन वाजला.

"ऐकतेस ना गो?"

ओवीने उठून डोक्यावरचा पंखा बंद केला. पलीकडे मैमुनाबींनी तिचा लावला.