बारा तोतये

“मेक्सिकोत पोलिसाचं सोंग आणलं की थेट तुरुंग. ठाऊक आहे ना, बाई?” सार्जंट बालताझारने कॅमेऱ्यावर पंजा ठेवला.

फोटोग्राफर नायेलीने कॅमेऱ्याचा पट्टा सोडला नाही. कॅमेरा गेला तर प्रदर्शन गेलं. त्यातला मुख्य फोटो हाच: पोलिसांनीच काढलेला मोर्चा. तिने जाहिरात दिली होती, ‘बारा पुरुष हवेत. थोडाफार अभिनय यावा. वर मक्याचे वाफवलेले तामाले पोटभर.’ गणवेश ती भाड्याने आणणार होती. पण हे बाराही जण सकाळी सातलाच आपापला चढवून चौकात हजर! फलकही त्यांनीच रंगवले. ‘बूट आमच्या खिशातून, लाठ्या तेवढ्या सरकारी.’ ‘मोर्चा तुमचा, पाय आमचे दुखतात.’ आणि ओरडायला लागले ते असे काही रंगात आले, की प्रार्थनेला निघालेल्या दोन म्हाताऱ्या तिथेच थबकल्या. एकीने तर लांबूनच त्यांच्यावर क्रूसाची खूण केली. नट असावेत तर असे, नायेलीला वाटलं होतं.

“साहेब, ही कला आहे हो. नट आहेत बिचारे.”

“ते ठाण्यात सांगा. चला रे तोतयांनो, एकेक पुढे! ओळखपत्रं काढा.”

पहिला जाड्या पुढे आला. तोंडात तामालचा घास तसाच. त्याने खिशातून कार्ड काढून अदबीने पुढे धरलं. सार्जंटने ते सुलट पाहिलं, उलट पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. शिक्का खरा. नंबर खरा. ठाणं नदीपलीकडचं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही तेच. सहाव्यापर्यंत सार्जंटची मिशी खाली आली. बाराव्याला त्याने नुसत्या हातानेच ‘राहू दे’ केलं.

नायेली बघतच राहिली.

“आज रजा आहे, साहेब,” जाड्या घास गिळत पुटपुटला. “खऱ्या पोलिसाला बोलायची सोय नाही. म्हटलं, सोंग घेऊन तरी बोलावं.”

बारा घरांच्या चुली आता सार्जंटच्या एका अहवालावर होत्या. त्याने सगळे फलक पुन्हा सावकाश वाचले. मग वही काढली, काहीतरी खरडलं आणि कॅमेऱ्यावरचा हात उचलला.

“नट आहेत, असं लिहिलंय मी. तुम्हीही फोटोखाली ठळक छापा, बाई,” तो म्हणाला. “नाहीतर उगाच कुणाला खरं वाटायचं.”