मागची बाजू

उभ्या जन्मात घरात एक खिळा न ठोकलेल्या बाबांनी रिटायर झाल्यावर टेबलावर खेळण्यातली रेल्वे मांडली आणि रुळांच्या कडेनं पुठ्ठ्याची घरं उभी केली. स्टेशनाशेजारचं आमचं जुनं क्वार्टर तर इतकं हुबेहूब, की छपरावरचं शेवाळ आणि अंगणातल्या नळाचा गंजसुद्धा त्यांनी सोडला नव्हता.

बघायला आलेले त्यांचे मित्र तोंडभरून कौतुक करत होते. चहा घेऊन आलेल्या आईनं ते घर हळूच उचललं आणि फिरवून पाहिलं. मागे नुसता कोरा पुठ्ठा.

"अहो, माझं स्वयंपाकघर कुठंय?"

"अगं, गाडीतून जी बाजू दिसत नाही, ती कुणी बनवतच नाही. उगाच एवढी मरमर कोण करणार?" बाबा हसले. मित्रही हसले.

आईनं घर होतं तसं फिरवून ठेवलं आणि ती आत स्वयंपाकाला लागली.



बाबांनी सगळ्यांना परस्पर 'आता जेवूनच जा' म्हणून सांगून टाकलं होतं.