मध्यंतरातला चहा

निवृत्त झाल्यावर विद्याधरने स्वतःशीच पैज लावली की नऊ तासांचा एक जुना सिनेमा गाळणी बंद ठेवून बघायचा. गाळणी आता प्रत्येकाच्याच कानामागे बसवलेली असे. कंटाळवाणं काही सुरू झालं की तिचा हिरवा दिवा लागे आणि तेवढा वेळ माणसाच्या जाणिवेतून गळून जाई. शरीर मात्र मान डोलवत, हुंकार भरत राही.

पडद्यावर एक म्हातारा कितीतरी वेळ नुसतं विहिरीचं पाणी शेंदत होता. विद्याधरला त्यातच गोडी लागली. मध्यंतरात तो चहा करायला उठला, तेव्हा गाळणी चालू करायची राहूनच गेली.

स्वयंपाकघरात शैलजा गुणगुणत मेथी निवडत होती. बायकोची दोन बोटं आखडून वाकडी झालेली त्याला आज पहिल्यांदाच दिसली.

"बोटांना काय झालं गं?"

गुणगुणणं थांबलं.

"हं," ती म्हणाली.

"कधीपासून आहे हे? मला सांगितलं का नाहीस?"

"हं."

त्याने वाकून पाहिलं. तिच्या कानामागे हिरवा दिवा लागला होता.

"शैला, दुखतं का खूप?"

तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि दुसरी जुडी सोडली.