एका सीटची फटफटी

"हिच्यावर मागं बसता येत नाई?" ग्यानबानं पुन्हा विचारलं.

"किती खेपा सांगू बाबाजी? नाई येत." उदयसिंग मेकॅनिकनं हात पुसले. "रेंजरसाहेबाच्या पोरानं शर्यतीसाठी मागची सीट कापून टाकली. इंजिन लहान, वजन कमी. बायको बसत नाई, सासू बसत नाई. सुखाची गाडी हाय!"

कारंज्यातल्या त्याच्या टिनाच्या शेडमध्ये दोन फटफट्या उभ्या होत्या. एक काळी, थोराड, रुंद सीटची, मागं लोखंडी कॅरियर असलेली. दुसरी लाल, बारकुली. हँडल खाली वाकलेलं, उडायच्या आधी टिटवीनं मान लांबवावी तसं. शेषरावची नजर आल्यापासून लालीवर होती आणि हात मात्र काळीवर. जऊळक्याच्या शाळेत मास्तर होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. जन्मातली पहिली गाडी. ती बापाला विचारल्याशिवाय त्यानं घेतली नसती.

"काळीच घेऊ, बाबा," तो म्हणाला. "तुमाले मागं बसवता येईन. मायले दवाखान्यात नेता येईन."

ग्यानबा काळीच्या कॅरियरकडे पाहत होता. त्याला तिथं मारोतराव पाटलाच्या सरकीचं पोतं दिसलं. रुंद सीटवर पाटलाचा पाहुणा दिसला. शेषा, जरा फाट्यावर सोडून ये रे. शेषा, येता येता घेऊन ये. गावातली पहिली फटफटी बौद्धपुऱ्यात येणार होती आणि गाव तिला हक्कानं हाक मारणार होतं.

ती हाक ग्यानबाच्या कानात मुरलेली होती. गावात कुणी मेलं की बातमी घेऊन सोयऱ्यांच्या गावी पायी जायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. हातात घुंगराची काठी. घुंगरू वाजलं की विहिरीवरच्या बायांच्या हातातला दोर थांबायचा. दीक्षा घेतली त्या साली त्यानं ती काठी चुलीत घातली. त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

"लाल घे," तो म्हणाला.

"अन् तुमी?"

"मी येष्टीनं येईन. हिच्यावर फक्त धनी बसते. दुसऱ्याच्या कामाले जागाच नाई."

शेषराव लेकरासारखा हसला. उदयसिंगनं किक मारली. शेडचं टिन थरथरलं.

"मानोरा अर्ध्या घंट्यात, बाबाजी! हवा बी मागं राहीन."

दुपार कलताना ग्यानबा फाट्यावर उतरला. बाभळीखाली लाल फटफटी उभी होती आणि शेषराव रुमालानं तिची टाकी पुसत होता. तिच्यापाशीच एक सायकल आडवी पडली होती. मारोतरावचा सालदार जानराव धापा टाकत उभा होता.

"बरं झालं भेटले," जानराव म्हणाला. "गोजराबाई गेल्या. मारोतरावची माय. मानोऱ्याले लेक हाय तिची, रुख्मिणी. दिवस बुडाच्या आत माती हाय. मारोतराव म्हने, ग्यानबाच्या पोराची फटफटी येऊन राह्यली, त्यालेच धाडा."

"मारोतरावच्या घरी मानसं नाईत?" ग्यानबानं विचारलं.

"हायत ना. सायकली बी हायत. पन सात कोस जाईपर्यंत इकडं राख होईन."

"गाडीवर मागं जागा नाई." येष्टीत बसल्यापासून ग्यानबानं हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं.

जानरावनं भाबडेपणानं गाडीकडे पाहिलं. "जागा कायले लागते? तिच्या नवऱ्याची जीप हाय. ते येतीन. आपल्याले फक्त सांगाचं हाय."

ग्यानबानं पोतं हिशेबात धरलं होतं, पाहुणा धरला होता, दुखणेकरी धरला होता. ज्याला वजनच नसतं ते तेवढं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नाई म्हन, शेषा."

शेषरावच्या हातातला रुमाल टाकीवरच थांबला. "तिले मायचं तोंड दिसनार नाई, बाबा."

"मले बी दिसलं नव्हतं. माही माय गेली तवा मी या पाटलाच्याच घरची बातमी घेऊन धनजले गेलो होतो."

जानरावनं मान खाली घातली. सायकलचं चाक उगाच फिरत होतं.

शेषरावनं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"म्हनूनच जातो, बाबा."

ग्यानबानं पोराकडे पाहिलं. पिशवीतली पाण्याची शिशी काढली, बूच उघडलं आणि पुढं केली.

"इथंच पेऊन घे. बातमी सांगितल्यावर कोनी पानी इचारत नाई."

शेषराव प्यायला. शिशी बापाच्या हातात परत दिली. किक मारली. उदयसिंग खोटं बोलला नव्हता. गाडी खरंच हलकी होती. वळणावरची धूळ खाली बसायच्या आत ती दिसेनाशी झाली, आणि आवाज तेवढा बराच वेळ मानोऱ्याच्या दिशेनं वाजत राहिला.

सडकेच्या कडेला पऱ्हाटीत बाया कापूस वेचत होत्या. त्या आवाजानं त्यांचे हात बोंडावरच थांबले. त्यांच्यातली तांड्यावरची म्हातारी सोनीबाई शेताच्या धुऱ्यापर्यंत आली. तिनं उडत्या धुळीकडे पाहिलं. मग बाभळीखालच्या ग्यानबाकडे पाहिलं, ओळखलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"ग्यानबा," तिनं हळूच विचारलं, "कोन्या घरची बातमी हाय?"