खिरापत ओळखेपर्यंत

पाटावर खडूनं काढलेल्या हत्तीभोवतीचा फेर संपला, तशा सुमेधाताई भिंतीला टेकून बसल्या. शाळा सुटल्यावर त्या लहान मुलांना सांभाळायच्या. आश्विन लागला, म्हणून आज भोंडला. गाऊन गाऊन त्यांचा घसा बसला होता, पोटऱ्या भरून आल्या होत्या. आता खिरापत ओळखली, की मुलं ती खाऊन घरी जाणार होती.

ताईंनी डबा वाजवला. ओळखायची पाळी सहा वर्षांच्या रेणुकाची होती.

"श्रीखंड?"

"नाही."

"बासुंदी? साबुदाण्याची खिचडी?"

"अगं, वास तरी घे," ताई त्रासून म्हणाल्या.

रेणुका त्यांच्या कानाशी आली. "वाटली डाळ आहे, मला माहितीये. पण ओळखली की घरी जावं लागेल. बाबांना रात्रपाळी असते, ते झोपलेले असतात. घरी मोठ्यानं बोलायचं नसतं."

ताईंनी डबा बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"हिला काही ओळखता येत नाही. चला, अजून एक गाणं."

मुलांनी पुन्हा हात धरले. ताईंचा आवाजच फुटेना. त्या नुसत्या ओठ हलवत फिरत राहिल्या. गाणं रेणुकानं उचललं, अगदी मोकळ्या गळ्यानं.