पाच पेट्या

मोटारींच्या मासिकात गाड्यांची परीक्षणं लिहिणाऱ्या मनस्विनीबाईंनी वही मिटली आणि शेजारी बसलेल्या सुजयकडे पाहिलं.

निवळी फाट्यापासून जाकादेवीपर्यंतचा वळणावळणांचा रस्ता त्यांनी स्वतः गाडी चालवत काढला होता. आता गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "वळणात मागची चाकं रस्ता सोडतात. खड्डा आला की शेपूट उडतं. एवढी किंमत मोजून माणसाने जीव मुठीत धरून बसायचं का?"

वेल्मार कंपनीच्या आलिशान गाड्या जास्त वेगवान, जास्त तडफदार करायच्या, एवढ्यासाठी पुण्याच्या कारखान्यात सहा जणांचा एक विभाग होता. त्यातला सस्पेन्शनचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचा, माणूस म्हणजे सुजय. दोन वर्षं खपून त्यांनी ही गाडी उभी केली होती. मोठ्या साहेबांनी मात्र साफ सांगितलं होतं, की बाईंनी चांगलं लिहिलं तर विभाग राहील, नाहीतर जूनपासून सहाही जण परत असेंब्लीत. आणि मोटारींच्या मासिकात बाईंनी एकदा नाक मुरडलं, की ती गाडी शोरूममध्येच धूळ खायची. २००६चा मे चालू होता, म्हणजे जून काही लांब नव्हता.

त्याला कळत नव्हतं ते वेगळंच. हा रस्ता त्याच्या गावचा, रत्नागिरीजवळचा. चाचणीसाठी त्यानेच निवडलेला. दोन वर्षं, एप्रिल-मेच्या सुक्या रस्त्यांवर तो ही गाडी इथे पळवत होता. आदल्या दिवशी यायचं, आप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे मुक्काम करायचा, आणि सकाळी पुण्याला निघताना याच वळणांवर शेवटची फेरी मारून स्प्रिंगचं माप पक्कं करायचं. त्या फेरीत प्रत्येक वेळी गाडी रस्त्याला चिकटून चाललेली. आजच तिच्या अंगात काय आलं होतं?

बाईंची पद्धत ठरलेली होती. एकच रस्ता दोनदा, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. मधल्या वेळात गाडीबद्दल चकार शब्द नाही. म्हणून दोघं जाकादेवीला आप्पांकडे जेवायला गेले. आप्पांनी पाट मांडून ठेवले होते, आमरसाचं पातेलं भरून तयार होतं. सुजय वाटीतल्या रसात पोळी नुसतीच फिरवत होता.

"जेव हो नीट," आप्पा म्हणाले. "गाडी काय पळून जात्ये?"

तेवढ्यात आप्पांच्या आंब्याच्या बागेतला गडी भिकाजी हात पुसत पडवीत येऊन टेकला. आप्पांनी त्याला मान हलवून काहीतरी विचारलं, त्यानेही मान हलवली. सुजयचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मनातल्या मनात पाच सहकाऱ्यांना काय सांगायचं ते जुळवत होता.

दुपारी बाई पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणातल्या खड्ड्यावरून गाडी अशी गेली, की सुजयने चमकून खाली पाहिलं. सकाळचं नाचणारं शेपूट कुठल्या कुठे गेलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. निवळी फाट्यावर चहाच्या टपरीशी त्यांनी गाडी थांबवली.

"कमाल आहे. जेवायच्या वेळात केलंत काय तुम्ही?"

काहीच केलं नव्हतं. सुजयने तोंड उघडलं आणि मागच्या सीटमागून येणारा वास त्याला जाणवला. पिकू लागलेला हापूस आणि सुकं गवत. चाचणीच्या प्रत्येक फेरीत गाडीत हाच वास असायचा. सकाळी नव्हता.

त्याने मान वळवून मागे पाहिलं.

टायरमधली हवा थोडी कमी केली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाई खूश होत्या. सहा जणांच्या खुर्च्या वाचत होत्या. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या हीच गाडी कोणीतरी बायको-मुलांना घेऊन रिकाम्या डिकीने याच वळणावर नेणार होता. सुजय खाली उतरला आणि त्याने डिकी उघडली.

आत आंब्याच्या पाच पेट्या होत्या, ओळीने.

"वडिलांनी ठेवायला लावल्या," तो म्हणाला. "दर खेपेला ठेवतात. वीस-वीस किलोच्या. पुण्याला निघताना साहेबांसाठी न्यायच्याच असतात. आमचं सगळं माप या शंभर किलोंवर बसलंय, मॅडम."

चाचणीच्या कागदांवर त्यांनी टायरची हवा लिहिली होती, टाकीतलं पेट्रोल लिहिलं होतं, खिशातल्या किल्ल्यांपर्यंत सगळ्याचं वजन धरलं होतं. पेट्या कोणी लिहिल्याच नव्हत्या. रत्नागिरीच्या माणसाच्या लेखी पेटी हे सामान नसतंच, ती रीत असते.

बाईंनी वाकून एका पेटीवर बोटाने टकटक केलं. "मग मी लिहू काय? गाडी उत्तम, फक्त मोसमातच घ्यावी?"

"सकाळचं लिहा," सुजय म्हणाला. "सकाळची गाडीच खरी."

बाईंनी वही उघडली, सकाळचं पान वाचलं आणि कोपरा दुमडून ठेवला. "अंक पंधरा दिवसांनी छापायला जाईल. तोवर स्प्रिंगा बदला आणि डिकी रिकामी ठेवून गाडी माझ्याकडे आणा. शेपूट तसंच उडलं, तर हेच पान जसंच्या तसं छापेन."

सुजयने एकेक पेटी उचलून टपरीच्या बाकड्यावर मांडली. पाचवी ठेवतो तोच खिशातला फोन वाजला. मोठे साहेब होते.

"बाई काय म्हणाल्या ते आल्यावर सांग," साहेब म्हणाले. "आधी मला सांग, माझ्या पेट्या ठेवल्यास ना गाडीत?"

"या खेपेला एसटीने पाठवतोय, साहेब."