साठच्या पुढची शिट्टी

नव्या गाडीच्या आवाजाने रविराजच्या डोक्याला ताप झाला होता. नाशिक फाटा ओलांडून गाडीने साठचा वेग घेतला, की कुठूनतरी बारीक शिट्टी सुरू व्हायची आणि वेग कमी केला, की गप्प. पिंपरीच्या सोहेल मेकॅनिकने आधी बेअरिंग बदललं, मग बेल्ट बदलला आणि शेवटी हात टेकले. "भाऊ, इंजिन एकदम ठणठणीत हाय. आता दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

रविवारी बायकोला घेऊन तो हायवेला लागला, तर पुन्हा तेच. वैतागून त्याने विचारलं, "वर्षाली, तुला तरी येतो का गं हा आवाज?"

"येतो की. पहिल्या दिवसापासून येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

वर्षालीने पायाशी ठेवलेली पर्स मांडीवर घेतली. लग्नाआधी ती चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या दारांना वारा अडवणारं रबर बसवायची. ती नोकरी रविराजनेच सोडायला लावली होती. साखरपुड्यात तिच्या बापासमोर, चारचौघांत हसत म्हणाला होता, "रबर चिकटवायला काय अक्कल लागते?"

तिने पर्स उघडली आणि काळ्या रबराचा बोटभर तुकडा त्याच्यासमोर ठेवला. तिच्याच बाजूच्या दारावरून, वरच्या कोपऱ्यातून, अगदी सफाईने कापलेला.

"घ्या, चिकटवा," ती म्हणाली. "त्याला काय अक्कल लागते?"